'केदार': डझनभर इंग्रजी अर्थांचं एक स्पॅनिश क्रियापद मराठीतून कसं शिकावं

स्पॅनिशच्या पहिल्या एक-दोन पातळ्या पार करून पुढे आलेल्या मराठी विद्यार्थ्यांची गाडी हमखास एका क्रियापदापाशी अडते. ते म्हणजे 'केदार'. शब्दकोश उघडला की समोर इंग्रजी अर्थांची रांग लागते: स्टे, रिमेन, बी लेफ्ट, फिट, सूट, मीट, अग्री, टर्न आउट, बिकम, कीप, एंड अप, बी लोकेटेड. ही रांग पाठ करता येते, पण बोलायची वेळ आली की त्यातला एकही अर्थ वेळेवर हाताला लागत नाही. कारण ही यादी स्पॅनिश माणसाच्या डोक्यात नसतेच. त्याच्यासाठी हा एकच शब्द आहे. बारा तुकडे केलेत ते इंग्रजीने.

मी याच यादीतून गेले आहे आणि आता शिकवतानाही दर तुकडीत तीच दमछाक बघते. म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका. आपल्याकडे 'राहणे' आहे, आणि 'मला' ने सुरू होणारी वाक्यरचना आहे. या दोन गोष्टी आपण बोबडं बोलायचो तेव्हापासून वापरतोय. 'केदार'चा बराचसा पसारा या दोन्हींत मावतो. जो मावत नाही, तो वेगळा काढून शिकायचा.

स्पॅनिश वाक्यं इथे देवनागरीत दिली आहेत. तुम्ही मात्र वहीत ती रोमन लिपीतच लिहा.

## सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- एक जाड वही. डाव्या पानावर स्पॅनिश वाक्य, उजव्या पानावर मराठी. इंग्रजीला या वहीत जागा नाही.
- स्पॅनिश रॉयल अकादमीचा शब्दकोश. ही संस्था १७१३ साली स्थापन झाली आणि तिचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. अर्थ स्पॅनिशमध्येच दिलेले असतात. सुरुवातीला जड जातात, तरी उदाहरणांसाठी तोच उघडा.
- भूतकाळाची दोन्ही रूपं आणि 'मे, ते, ले, नोस, लेस' ही सर्वनामं. ही पक्की नसतील तर आधी ती करा, मग इकडे या.
- रोज ऐकायला काहीतरी. स्पेनच्या सरकारी रेडिओची प्रसारणं इंटरनेटवर फुकट आहेत. एक कार्यक्रम ठरवून ऐका.
- भाषांतराचं अ‍ॅप असेल तर ते इंग्रजीवर न ठेवता स्पॅनिश-मराठी ठेवा. ते चुकतं, पण चुकलं तर मराठीत लगेच खटकतं.

## १. आधी उच्चार आणि रूपं उरका

उच्चार आपल्या केदार या नावाच्या अगदी जवळचा आहे. 'द' मात्र हलका, जिभेचं टोक दातांमध्ये अलगद टेकवून, आणि जोर 'दार'वर. रूपं सगळी नियमित आहेत, 'आब्लार'सारखीच चालतात, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

लक्ष द्यायचं ते आघाताकडे. 'मे केदो' म्हणताना 'के'वर जोर दिला तर 'मी राहतो, मी थांबतो'. 'से केदो' म्हणताना 'दो'वर जोर दिला तर 'तो राहिला'. लिहिताना दुसऱ्यात शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह येतं. ते विसरलात तर काळही बदलतो आणि माणूसही.

मूळ लॅटिन शब्द 'शांत करणे, विसावणे' या अर्थाचा आहे. इंग्रजीतला क्वाएट त्याच कुळातला. हे लक्षात ठेवलं की पुढचे अर्थ कुठून आले ते दिसत जातं: हालचाल थांबल्यावर जे जिथे, ज्या अवस्थेत उरतं, ते 'केदार'. याच घरातून 'तोके दे केदा' म्हणजे संचारबंदी. पूर्वी काही गावांत रात्री घरी परतण्याची वेळ ठरलेली असे, तिला 'केदा' म्हणत. ऑक्टोबर २०२०मध्ये करोनाच्या साथीत कॅनरी बेटं सोडून स्पेनभर रात्रीची संचारबंदी लागली, तेव्हा हा शब्द रोजच्या बातम्यांत होता.

## २. 'राहणे' पकडा आणि सोडू नका

खालच्या जोड्या मोठ्याने वाचा. आधी स्पॅनिश, मग मराठी.

- 'केदान दियेस मिनूतोस.' दहा मिनिटं राहिली.
- 'केदा मूचो पोर आसेर.' बरंच करायचं राहिलंय.
- 'मे केदा उन कापीतुलो पोर लेएर.' माझं एक प्रकरण वाचायचं राहिलंय.
- 'से केदो आत्रास.' तो मागे राहिला.
- 'से केदो सोल्तेरो.' तो बिनलग्नाचा राहिला.
- 'से केदारोन सिन कोमेर.' ते उपाशी राहिले.
- 'से केदो एम्बारासादा.' तिला दिवस राहिले.
- 'के केदे एन्त्रे नोसोत्रोस.' हे आपल्यात राहू दे.

हीच वाक्यं इंग्रजीत करायला गेलात तर जवळजवळ प्रत्येक वेळी क्रियापद बदलावं लागेल. गरोदर राहण्यासाठी गेट, उपाशी राहण्यासाठी गो, मागे राहण्यासाठी फॉल. मराठीत सगळीकडे 'राहणे'. शेवटचं वाक्य तर शब्दाला शब्द लावून बघा. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिते तेव्हा मुलं भाषांतर करतच नाहीत, नुसती मान डोलावतात.

आता याच पायरीतली सगळ्यात सुंदर गोष्ट:

'ला बेन्ताना केदो आब्येर्ता.' खिडकी उघडी राहिली.

'बेन्ताना' स्त्रीलिंगी म्हणून 'आब्येर्ता'. खिडकी स्त्रीलिंगी म्हणून 'उघडी'. दरवाजा असता तर आपण 'उघडा' म्हटलं असतं, दार असतं तर 'उघडं'. 'केदार'च्या पुढे येणारं विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं, हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी आठवावा लागतो. आपल्याला तो आठवावा लागत नाही, फक्त स्पॅनिश नामाचं लिंग कोणतं एवढं माहीत हवं. 'लोस प्लातोस केदारोन लीम्प्योस', ताटल्या स्वच्छ झाल्या. 'ला काये केदो बासीया', रस्ता रिकामा झाला. इथे आपण 'राहिला' न म्हणता 'झाला' म्हणतो. शेवटी जी अवस्था उरली ती 'केदार'ने सांगायची, मग मराठीत 'राहणे' येवो की 'होणे'.

हीच रचना सरकारी आणि कायद्याच्या भाषेत येते. पाटीवर 'केदा प्रोइबीदो फुमार' म्हणजे धूम्रपानास मनाई आहे. स्पेनच्या १९७८च्या राज्यघटनेतल्या कलम १५मध्ये 'केदा आबोलीदा ला पेना दे म्वेर्ते' असे शब्द आहेत. म्हणजे मृत्युदंड रद्द झाला आहे आणि आता हीच स्थिती राहील. 'पेना' स्त्रीलिंगी म्हणून 'आबोलीदा'. व्हिसाच्या, नोकरीच्या किंवा भाडेकराराच्या कागदावर 'केदा' दिसलं की समजा, काहीतरी पक्कं केलं जातंय.

## ३. 'मला' वाली वाक्यं तशीच उचला

कपड्याच्या दुकानात आहात. कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येऊन मैत्रिणीला विचारायचंय, कसा दिसतो? 'कोमो मे केदा?' शर्ट मोठा असेल तर 'मे केदा ग्रान्दे', मला मोठा होतो. घट्ट असेल तर 'मे केदा एस्त्रेचा', मला घट्ट होतो. बाह्या आखूड असतील तर 'लास मान्गास मे केदान कोर्तास', मला बाह्या आखूड होतात. मैत्रीण म्हणेल, 'ते केदा ब्येन एल आसूल', तुला निळा शोभतो.

'मे' म्हणजे मला, 'ते' म्हणजे तुला. कर्ता शर्ट आहे, बाह्या आहेत, निळा रंग आहे. क्रियापद त्याच्याशी जुळतं: एक शर्ट असेल तर 'केदा', बाह्या अनेक म्हणून 'केदान'. आपण 'मला बाह्या आखूड होतात' म्हणतो तेव्हा नेमकं हेच करत असतो.

इंग्रजीतून विचार करणारा इथे 'मी' शोधायला लागतो आणि फसतो. 'माझ्याकडे दोन युरो उरलेत' याचं तो 'यो केदो दोस एउरोस' करतो. बरोबर आहे 'मे केदान दोस एउरोस'. वाक्यात उरलेत ते युरो, मी नाही.

याच साच्यातली आणखी काही, जशीच्या तशी:

- 'ला ओफिसीना मे केदा लेखोस.' मला ऑफिस लांब पडतं.
- 'एल मेर्कादो नोस केदा सेर्का.' आम्हाला बाजार जवळ पडतो.
- 'नो मे केदा क्लारो.' मला नीट कळलं नाही. वर्गात शिक्षकांना हे बिनधास्त सांगा, अगदी सभ्य वाक्य आहे.
- 'नो मे केदा ओत्रा.' मला दुसरा इलाज नाही.
- 'ला तोर्तीया ते आ केदादो बूएना.' तुझं ऑम्लेट छान झालंय. कोणी जेवायला बोलावलं तर पदार्थाचं नाव बदलून हे जरूर म्हणा.

आणि घराबाहेर पडल्यावर खिसे चाचपताना म्हणायचं वाक्य: 'से मे केदारोन लास यावेस एन कासा', किल्ल्या घरीच राहिल्या. आपणही असंच बोलतो, दोष किल्ल्यांवर. लॅटिन अमेरिकेत हे सर्रास ऐकाल. स्पेनमध्ये अनेकदा 'मे ए देखादो लास यावेस' म्हणतात, पण तुमचं वाक्यही कळेल.

## ४. 'से' लागला की काय होतं

ही पायरी घाई न करता करा. एक जोडी वहीत मोठ्या अक्षरात लिहा:

'केदे कोन आना.' माझं आनाला भेटायचं ठरलं.
'मे केदे कोन आना.' मी आनाजवळ थांबलो.

एका 'मे'ने अर्थ पार बदलतो. तसंच 'केदामोस एन एल बार' म्हणजे बारमध्ये भेटायचं ठरवलं, आणि 'नोस केदामोस एन एल बार' म्हणजे बारमध्येच बसून राहिलो.

ढोबळ नियम असा: वस्तू, वेळ, काम उरलं तर 'से' नको. माणूस स्वतः कुठे थांबला, किंवा त्याची अवस्था बदलली, तर 'से' हवा. लॅटिन अमेरिकेत दुसऱ्या प्रकारात कधीकधी 'से' गळतो, 'केदो सिएगो' आणि 'से केदो सिएगो' दोन्ही ऐकू येतात. ऐकताना गोंधळू नका, बोलताना 'से' लावा.

अवस्था बदलण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या मधल्या पातळ्यांवर इथे गुण जातात. इंग्रजीतल्या एका बिकमसाठी स्पॅनिशमध्ये मुख्यतः चार क्रियापदं आहेत. 'पोनेर्से' घडीभरच्या मनःस्थितीला, चेहरा लाल होणं, चिडणं. 'आसेर्से' कष्टाने किंवा ठरवून झालेल्याला, डॉक्टर होणं, श्रीमंत होणं. 'बोल्बेर्से' स्वभाव पालटण्याला. आणि 'केदार्से' एखाद्या घटनेनंतर जे हाती उरलं त्याला, बहुतेकदा काहीतरी गमावल्यावर. 'से केदो सोर्दो', बहिरा झाला. 'से केदो काल्बो', टक्कल पडलं. 'से केदो ब्यूदा', विधवा झाली. 'से केदो सिन त्राबाखो', नोकरी गेली. 'नोस केदामोस सिन आसूकार', आमची साखर संपली. धक्का बसला तरी हेच: 'मे केदे दे प्येद्रा', मी थिजून गेलो. परीक्षेत काही आठवेना तर 'मे केदे एन ब्लान्को', डोकं एकदम कोरं झालं.

झोपेसाठीही हेच क्रियापद. 'मे केदे दोर्मीदो', माझा डोळा लागला. बाई बोलत असेल तर 'दोर्मीदा'. उशिरा पोचलात तर तेवढं कारण पुरतं, सकाळी जाग आली नाही असाही अर्थ त्यातच येतो.

## ५. जिथे 'राहणे' लागू पडत नाही

तीन अर्थ वेगळे पाठ करायचेत. तीनच.

पहिला, ठरणे. स्पेनमध्ये राहणार असाल तर हा सगळ्यात आधी लागेल. 'केदार कोन' पुढे माणूस, 'केदार आ' पुढे वेळ, 'केदार पारा' पुढे कशासाठी ते. 'आ के ओरा केदामोस?' किती वाजता भेटायचं? 'केदामोस पारा सेनार', जेवायला भेटू. कुणी बोलावलं आणि तुमचं आधीच दुसरीकडे ठरलं असेल तर 'नो प्वेदो, ए केदादो'. जमणार नाही, माझं ठरलंय. कुणाबरोबर, कुठे, काहीही सांगावं लागत नाही, आणि कोणी विचारतही नाही. करार झाला असेल तर 'केदार एन': 'एमोस केदादो एन के तू त्राएस एल बीनो', वाइन तू आणायचीस असं ठरलंय. बोलणं लांबत चाललं, प्रत्येकजण वेगळं सांगतोय, तेव्हा 'एन के केदामोस?' मग ठरलं काय शेवटी?

दुसरा, ठेवून घेणे किंवा निवडणे. 'केदार्से कोन'. दुकानात 'मे केदो कोन एस्ते', मी हा घेते. टॅक्सीवाल्याला 'केदेसे कोन एल काम्ब्यो', सुटे राहू द्या. इथे मराठीत 'राहू द्या' आलं, ही गंमत आहे, पण विसंबू नका. छत्री चुकून बसमध्ये राहिली तर 'से मे केदो एल पाराग्वास'. दुसऱ्याची छत्री ठेवून घेतली तर 'मे केदे कोन एल पाराग्वास'. पहिल्यात तुमची छत्री गेली, दुसऱ्यात तुम्ही ती दाबून ठेवली! स्पेनमध्ये याचा आणखी एक बोलीतला अर्थ आहे: 'ते एस्तास केदान्दो कोन्मीगो?' माझी फिरकी घेतोयस का?

तिसरा, लोकांच्या नजरेत कसे ठरलो. 'केदार ब्येन' म्हणजे नाव राखणे, 'केदार माल' म्हणजे कुणाच्या मनातून उतरणे. 'केदार कोमो उन तोन्तो', मूर्ख ठरणे. लग्नाला बोलावलं आणि गेलोच नाही, तर 'एमोस केदादो माल'. वरच्या पायरीतलं 'ते केदा ब्येन' तुला शोभतं, आणि 'केदास्ते ब्येन' तू नाव राखलंस. दोन्हींत 'ब्येन' आहे म्हणून एक समजू नका. स्पर्धेतला क्रमांकही याच बाजूचा: 'केदो सेगुन्दा', ती दुसरी आली.

## ६. दोन शेजारी: 'फाल्तार' आणि 'सोब्रार'

मराठीत 'उरणे' आणि 'राहणे' सैलपणे वापरलं तरी चालतं. स्पॅनिशमध्ये तीन क्रियापदांनी जागा वाटून घेतली आहे.

पातेल्यात भात आहे. पाहुण्याला आणखी वाढायचाय: 'केदा आर्रोस', अजून भात आहे. सगळे जेवून उठले, भात जास्तच झाला होता: 'आ सोब्रादो आर्रोस', भात उरला. पंगत बसायची आहे आणि दोन ताटं कमी आहेत: 'फाल्तान दोस प्लातोस'.

वर्गात तर अर्थ उलटाच होतो. 'केदान त्रेस आलुम्नोस' म्हणजे तीनच विद्यार्थी उरलेत. 'फाल्तान त्रेस आलुम्नोस' म्हणजे तिघे आलेले नाहीत. मराठीत 'तिघे राहिले' म्हटलं तर दोन्ही अर्थ निघू शकतात, म्हणून आपल्याला इथे जास्त जपावं लागतं. वेळेसाठी मात्र दोन्ही चालतात, 'केदान दोस दीयास' काय आणि 'फाल्तान दोस दीयास' काय, सणाला दोनच दिवस राहिलेत.

## ७. हमखास पाय घसरणाऱ्या जागा

सगळ्यात मोठा सापळा भारतीय इंग्रजीचा आहे. आपण 'आय स्टे इन पुणे' म्हणतो, स्टे म्हणजे 'केदार्से', म्हणून मुलाखतीत 'मे केदो एन पुणे' निघून जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस पुण्यातच थांबायचं म्हणतोय, कुठे जायला तयार नाही. घर पुण्यात असेल तर 'बीबो एन पुणे'. मराठी 'राहणे'सुद्धा इथे दगा देतं, कारण वास्तव्यालाही आपण तेच म्हणतो. वास्तव्य असेल तर 'बिबीर', विषय संपला.

'करत राहणे' दोन प्रकारचं असतं. माणूस एका जागी खिळला असेल तर 'केदार्से' चालतं: 'से केदो मिरान्दोमे' म्हणजे माझ्याकडे बघत राहिला. हालचाल चालू असेल तर 'सेगीर' घ्या: 'सिग्यो कामिनान्दो', चालत राहिला.

'राहू दे, मी करते' यातलं 'राहू दे' म्हणजे 'देखालो'. तिथे 'केदार' आणू नका.

जागा सांगताना 'दोन्दे केदा?' फक्त हलू न शकणाऱ्या गोष्टींसाठी: इमारत, गल्ली, गाव. चष्मा कुठे आहे, आई कुठे आहे, यासाठी 'एस्तार'.

## ८. कुठल्या देशात जाताय ते बघा

'दोन्दे केदा एल बान्यो?' लॅटिन अमेरिकेत रोजचं आहे, स्पेनमध्ये 'दोन्दे एस्ता' जास्त ऐकाल. भेटायचं ठरवण्यासाठीचं नुसतं 'केदामोस' स्पेनचं खास. मेक्सिकोत त्याऐवजी 'केदार दे' येतं: 'केदो दे यामार्मे', त्याने फोन करायचं कबूल केलं होतं. मेक्सिकोतला मेकॅनिक गाडी दुरुस्त करून हात पुसत 'या केदो' म्हणतो, म्हणजे झालं काम.

गोव्यात ज्यांच्या घरात पोर्तुगीज आहे त्यांना हे सगळं आणखी सोपं जाईल. तिथे 'फिकार' हे क्रियापद थांबणे, जागा, शोभणे, होणे, ठेवून घेणे हे सगळं सांभाळतं. मनात 'फिकार' आलं की बहुतेक वेळा 'केदार' लावून बघा.

## ९. सराव

खालची वाक्यं आधी स्वतः लिहा, मोठ्याने म्हणा, मगच उत्तरं बघा.

१. खिडकी रात्रभर उघडी राहिली.
२. हा शर्ट मला घट्ट होतो.
३. आमचं सहाला भेटायचं ठरलंय.
४. आजी कोल्हापूरला राहते.
५. आज वर्गात चौघे आलेले नाहीत.
६. तो दारात वाट पाहत राहिला.
७. माझ्याकडे तीन युरो उरलेत.
८. मी लाल रंगाचा घेते.

उत्तरं:

१. 'ला बेन्ताना केदो आब्येर्ता तोदा ला नोचे.'
२. 'एस्ता कामीसा मे केदा एस्त्रेचा.' शर्ट मराठीत पुल्लिंगी, 'कामीसा' स्त्रीलिंगी, म्हणून 'एस्त्रेचा'.
३. 'एमोस केदादो आ लास सेइस.' 'नोस' लावलात तर चुकलं, चौथी पायरी पुन्हा वाचा.
४. 'मि आब्वेला बीबे एन कोल्हापूर.'
५. 'ओय फाल्तान क्वात्रो एन क्लासे.'
६. 'से केदो एस्पेरान्दो एन ला प्वेर्ता.' 'सिग्यो एस्पेरान्दो' लिहिलंत तरी वाक्य चूक नाही, मात्र तो एका जागी खिळून उभा आहे हे त्यात येत नाही.
७. 'मे केदान त्रेस एउरोस.'
८. 'मे केदो कोन एल रोखो.'